टेबल नंबर चारचा कौल

व्हर्ना लिंडालला मी बावीस वर्षं कॉफी पाजतेय. म्हणून सांगते, ती बाई दगड नाही. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मिसिसिपी नदीच्या काठावर आमचं गाव, गावात माझं नाश्त्याचं दुकान, आणि खिडकीजवळचं चार नंबरचं टेबल म्हणजे बेसबॉलची पार्लमेंट. गावचा संघ शिकाऊ पोरांचा, मालकी शहरातल्या मोठ्या संघाची. बरं निघालेलं पोर तिकडे जातं, आणि आमचा जीव त्या मोठ्या संघावर. शिकाऊ पोरांचा पगार तुटपुंजा, म्हणून गावातली घरंच त्यांना ठेवून घेतात. व्हर्नाने चौदा वर्षांत अकरा पोरं ठेवली. मोजे धुऊन जोडी लावून द्यायची, ताप आला तर उशाशी बसायची. आणि जुलैच्या शेवटी एखाद्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं की माझ्या काउंटरवर डोकं ठेवून ढसाढसा रडायची.

"अगं, तुझ्या पोटचा होता का तो?" मी म्हणायची.

"पोटचा नव्हता, पण त्याचं पोट मीच भरलं ना, जोलीन!"

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मर्ल गेला. मोठा संघ एकदा तरी अजिंक्य होईल म्हणून पन्नास वर्षं रेडिओला कान लावून बसलेला माणूस. तो गेल्यावर व्हर्नाचं येणं-जाणं, बसणं-उठणं सगळं चालूच राहिलं, पण अंपायरला शिव्या घालणं थांबलं. अंड्यावर मीठ घालणंही थांबलं. मी एकदा मुद्दाम गार कॉफी ठेवली पुढ्यात. मुकाट्याने प्यायली.

यंदाचं पोर विल्मर. व्हेनेझुएलाचा, वीस वर्षांचा, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, चेंडू अडवायला उभा राहायचा. त्याच्या बाजूने चेंडू गेला की बघायलाच नको, गेलाच नाही म्हणून समजा. दोन वर्षांत तीन गावं आणि तीन घरं बदलून झालेली. मला म्हणाला होता, "जोलीनबाई, या वर्षी कुठे पाठवलं नाही म्हणजे मिळवली." इंग्रजी तोडकंमोडकं. म्हणून रोज सकाळी साडेनऊला, गर्दी ओसरली की व्हर्ना त्याला टेबल चारवर आणायची आणि गावच्या पेपरातलं खेळाचं पान मोठ्याने वाचून घ्यायची. अडला की शब्द सांगायची.

आता कौलाचं. एकतीस जुलैला दुपारी तीन वाजता खेळाडूंची अदलाबदल बंद होते. आदल्या दिवशी टेबल चारवर मतदान. कपात पांढरी साखरेची पुडी टाकली तर 'देऊन टाका', गुलाबी बिनसाखरेची टाकली तर 'ठेवा'. पेपरचा बातमीदार लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी नावांसकट छापतो. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार सगळा. पण गावात त्या दिवशी पेपर उरत नाही.

यंदा मोठा संघ पहिल्या नंबरापासून फक्त दोन सामने मागे. एक चांगला पिचर, चेंडू फेकणारा, मिळाला की झालं. एक होता उपलब्ध, छत्तीस वर्षांचा, आणि त्याच्या बदल्यात समोरच्यांना हवा होता विल्मर. सगळ्या रेडिओवर तेच.

"देऊन टाका," हार्लन म्हणाला. हा मक्याचं बियाणं विकतो, त्याला सगळंच विकावंसं वाटतं. त्याने पांढरी पुडी टाकली.

"छत्तीस वर्षांचा खांदा म्हणजे म्हातारं तट्टू!" ऑर्व्हिल खेकसला. रेल्वेतून रिटायर झालेला, कुणाचं ऐकत नाही. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं कुणी सांगितलंय? त्या पोरासारखे हात मी चाळीस वर्षांत पाहिले नाहीत." त्याने गुलाबी टाकली.

एकास एक. सगळे व्हर्नाकडे बघायला लागले. मला वाटलं, ही आता कप भिरकावते.

तिने पांढरी पुडी उचलली आणि टाकली.

"व्हर्ना!" मीच ओरडले. "अगं, तुझ्या घरात राहतो तो!"

"पिचर हवाय," ती म्हणाली. "मर्ल असता तर हेच म्हणाला असता."

"मर्ल नाहीये गं आता!"

"हो," ती म्हणाली आणि पर्समधून कॉफीचे पैसे काढले.

बातमीदार खाली मान घालून लिहीत होता. मी त्याला म्हटलं, तिचं नाव नको घालूस रे बाबा. तर म्हणे, नियम म्हणजे नियम. मेला नियमवाला! आणि मी तरी काय शहाणी, व्हर्नाला सांगितलं नाही की उद्या त्याला इथे आणू नकोस. वाटलं, तिला काय एवढंही कळत नसेल?

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोघं आली. विल्मरने पान उघडलं, शब्दांवर बोट फिरवत वाचायला लागला. "टेबल चारचा कौल. दोन विरुद्ध एक. श्रीमती व्हर्ना लिंडाल यांनी... यांनी..."

तो अडला.

"निर्णायक," व्हर्ना म्हणाली.

"निर्णायक मत दिलं. विल्मरला द्यावं." त्याने ते पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, नुसते ओठ हलवत. मग पेपरची नीट घडी घातली. "चांगला पिचर आहे का तो?"

"चांगला आहे."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि उरलेलं ऑम्लेट संपवलं. मी आत जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

मी रोज दोनला दुकान बंद करते, त्या दिवशी केलं नाही. तीन वाजले. रेडिओवाला म्हणाला, मोठ्या संघाने काहीच केलं नाही. पिचर भलत्याच संघात गेला. हार्लनने टेबलावर मूठ हाणली. व्हर्ना खिडकीतून बाहेर बघत बसलेली.

सव्वातीनला विल्मर आला. खांद्यावर त्याची मोठी बॅग, सगळं सामान भरलेली. सहा वाजता सामना होता.

"मी कुठेच गेलो नाही," तो व्हर्नाला म्हणाला. "मग आज मी झोपू कुठे?"

"पलंगाच्या चादरी मी सकाळीच काढून धुतल्या," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वाळतील."

त्याने मान हलवली. बॅग तिच्या पायाशी ठेवली नाही, खांद्यावरच ठेवून मैदानाकडे निघून गेला. ऑर्व्हिलने तोंड फिरवलं.

मी तिच्यासमोर बसले. दुकान चालवते तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर बसण्याची ही पहिलीच वेळ.

"जोलीन," ती म्हणाली, "बॅग बघितली तेव्हा मला वाटलं आता रडू येईल. मी वाट बघितली गं. आलंच नाही."

तिने माझा हात धरला होता. रडत होते ती मी.