राखेने घासलेले हात

घाटनांदूरजवळच्या माझ्या ब्रॉयलर शेडवर ती कोंबड्यांना खाद्य घालायला येते. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

दारूच्या कारखान्यात धान्य गाळून उरलेला सुका चोथा मी खाद्यात मिसळू लागलो, तेव्हापासून तिची एक सवय माझ्या नजरेत भरली. घरी निघण्याआधी ती हौदाशी बसून पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीतल्या राखेने कोपरापर्यंत हात घासते, हुंगते आणि पुन्हा घासते.

एकदा मी समजावले, "बाई, त्यात दारू उरत नाही. कोंबड्यांना काही होते का?"

"त्यांला काय हुईल, मालक? त्यांला कुठं त्यो वास वळखीचा हाय!" ती हसली. "माझी पोरगी मातर मी जवळ गेलं की भिताडाकडं सरकती. बाप आला म्हणती. त्यो मेल्याला वरीस झालं, तरी इसरली न्हाई."

चोथा स्वस्त पडतो, म्हणून मी खाद्य बदलले नाही. हौदावर सुवासिक साबणाची वडी तेवढी ठेवली आणि स्वतःला दयाळू समजलो.

वडी अजून कोरडीच आहे. ती राखेनेच हात घासते, आणि त्या वेळी मी शेडच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो.