मोरचुदाच्या दोन नळ्या

सायन्सच्या बाईंना अख्खी शाळा 'रंगबोला बाई' म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे. प्रयोग कुठलाही असो, परीक्षानळी उंच धरायची आणि वर्गाला म्हणायचं, "रंग बोला." पोरं एका सुरात रंग सांगायची आणि मगच बाई तो फळ्यावर लिहायच्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, या पद्धतीवर बेहद्द खूश होत्या. मुलांना बोलतं कसं करायचं ते हिच्याकडून शिका, असं त्या बाकीच्या शिक्षकांना ऐकवायच्या, आणि ते कानावर पडलं की रंगबोला बाई घाईनं विषय बदलायच्या. कारण पद्धतबिद्धत काही नव्हती हो. बाईंना रंग नीट दिसत नव्हते.

अगदीच दिसत नव्हते असंही नाही. लाल तेवढा लाल दिसायचा. पण निळ्या-हिरव्याचा पार गोंधळ झाला होता आणि पांढरा खडूसुद्धा पिवळट वाटायचा. काय झालंय ते डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. डोळ्याचा धडा बाई दरवर्षी शिकवायच्या. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, त्याला मोतीबिंदू म्हणतात, छोटं ऑपरेशन करून भिंग बदलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे शेवटचं वाक्य तर त्या पोरांना अधोरेखित करायला लावायच्या. आणि स्वतःची मात्र पाचावर धारण बसलेली. त्यांची आई असंच छोटं ऑपरेशन करायला गेली होती. डोळ्यात पू झाला आणि तो डोळा कायमचा गेला. असं हजारात एखाद्याचं होतं हे बाईंना पाठ होतं. पण तो एखादा त्यांच्याच घरातला निघाला, आता बोला.

नवरा किल्ल्या बनवायचा. बारीक खाचा बघण्यात हयात गेलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार?

"अगं, एक मोजा निळा नि एक हिरवा घालून कुठे निघालीस?"

"घाईत झालं. अंधार होता."

"भर दुपारी कसला अंधार? चल, आजच डॉक्टरांना दाखवू."

"परीक्षा झाल्या की जाऊ. तुम्ही माझं डोकं खाऊ नका."

परीक्षा झाल्या, सुट्टी लागली आणि सरली, पण बाई काही दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. त्यांनी वेगळेच उद्योग केले. ॲसिडच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली, हाताला कळावी म्हणून. कपाट उघडलं की ती दोन-दोनदा चाचपायच्या. उद्या एखाद्या पोरीच्या हातावर भलतंच काही सांडलं तर? या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटायचा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं "रंग बोला" आहेच.

त्या दिवशी दहावीला मोरचुदाचा प्रयोग होता. सोपा प्रयोग. दोन नळ्यांत मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळं पाणी घ्यायचं. एकीत लोखंडी खिळा दोऱ्यानं सोडायचा, दुसरी तशीच ठेवायची. थोड्या वेळानं खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि त्या नळीतला निळा रंग फिका होत हिरवट होतो. बाईंनी खिळा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. तेवढ्यात दार वाजलं आणि मोठ्या बाई आत आल्या, न सांगता.

"चालू द्या. मी मागे बसते."

बाईंचं धाबं दणाणलं. घाईघाईत त्यांनी नळ्यांचा स्टँड टेबलाच्या मधोमध घेतला, घेताना तो फिरला, आणि खिळ्याची नळी डावी की उजवी हेच डोक्यातून गेलं. दोन्ही नळ्या त्यांना हिरव्याच दिसत होत्या. अंदाजानं त्यांनी एक उचलली.

"हं, खिळ्याची नळी. रंग बोला."

एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं. आज वर्ग चिडीचूप.

"नीट बघा. हिरवा झालाय ना?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मागे बसलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनी सूर धरला, "हिरवा."

वेळ निभावली. बाईंनी खडू उचलला. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी बोललीच नव्हती. ती डोळे चोळत होती, पुन्हा नळीकडे बघत होती, पुन्हा चोळत होती.

"काय गं, तू का नाही बोललीस?"

मुलगी उभी राहिली. "बाई, मला निळा दिसतोय. मघापासून निळाच दिसतोय. सगळे हिरवा म्हणतात. माझे डोळे बिघडलेत का?"

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. दोन वर्षं ज्या भीतीनं त्यांचा जीव खाल्ला, ती भीती त्यांनी या पोरीच्या पदरात टाकली होती, तीही एका दमात. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मागे कोण बसलंय याचा विसर पडला.

"तुझे डोळे ठणठणीत आहेत, बाळा," त्या म्हणाल्या. "या सगळ्यांचेही चांगले आहेत. बिघडलेत ते माझे. मी भलतीच नळी उचलली. मोतीबिंदू आहे. मला निळं दिसत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

मागून एक मुलगा चाचरत म्हणाला, "पण बाई, त्यात घाबरण्यासारखं काही नाही असं तुम्हीच लिहून दिलं होतं."

"ते वाक्य खोडा," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटते. फार वाटते. उद्या मी शाळेत येणार नाही, डॉक्टरांकडे जाणार आहे."

मोठ्या बाई बाकावरून उठल्या. रंगबोला बाईंनी तीच नळी पुन्हा उचलली. त्यांनी ती पहिल्या बाकासमोर धरली.

"तू एकटीनं सांग. रंग बोल."

"निळा, बाई."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी फळ्यावर 'निळा' लिहिलं.