जहाजातली उशी

काल सिद्धेश्वर गावी आमच्या घरी आईनं बाजेवर उशी टाकली आणि मला प्रवासी जहाजावरची पहिली दुपार आठवली. तिथं स्वयंपाकघरात कामाला लागलो होतो. जहाजात चढतानाच आईनं फोनवर बजावलं, "उत्तरेला डोकं करून निजू नको, लेकरा." खाली बिनखिडकीच्या खोलीत पेटी ठेवली आणि मालवणच्या सोबत्याला आधी उत्तर दिशा विचारली. त्यानं दाराकडं बोट केलं. मी उशी समोरच्या भिंतीकडं नेली, तर जहाज सुटून वळायला लागलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उशी फिरवली. तिसऱ्यांदा तो वैतागला, "अरे, हे वळतच राहणार!" मग कामाची वेळ होईपर्यंत मी उशी मांडीवर घेऊन बसून राहिलो. घरची बाज जागची हलत नाही, तरी काल उशी उचलून मी तिच्याभोवती फिरलो, तर आईच म्हणाली, "काहून फिरून राहिला रे?"