ग्रॅफाइट चोळलेली बंदूक

पॅटर्नमास्तरांना आयुष्यात एकदाच कुणीतरी समोर बसवून विचारलं, "हे तुम्ही बनवलंत?" आणि विचारणारा निघाला फौजदार. नशीब एकेकाचं, दुसरं काय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी पॅटर्न करायचे. पंपाचं कवच ओतायचं असो की गिअरची पेटी, आधी ती लाकडात हुबेहूब करायची, ते लाकूड वाळूत दाबायचं, ठसा उमटला की हळूच काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंडाची वस्तू गिऱ्हाइकाकडे जायची, तिच्यावर कंपनीचं नाव झळकायचं आणि मास्तरांचं लाकूड माळ्यावर धूळ खात पडायचं. राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, ही जगाची रीत त्यांनी बिनतक्रार पाळली. पुढे कारखान्यात पॅटर्न कोरणारं यंत्र आलं. ते चहा पीत नव्हतं आणि रजाही मागत नव्हतं. साहेबलोक मास्तरांशी फार गोड बोलले आणि त्यांना घरी पाठवून दिलं.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे हातभर रुंदीची गॅलरी. गॅलरीत त्यांनी एक फळी ठोकली, तिच्यावर लाकूड-लोखंड घट्ट धरायचा शेगडा बसवला आणि पटाश्या, कानशी, रंधा ओळीनं मांडून ठेवले. बायको शर्ट शिवण्याच्या कारखान्यात काजं करायला जायची. मुलगा विमा कंपनीच्या ऑफिसात. दिवसभर घरात मास्तर एकटे. कुणाच्या खुर्चीचा पाय बसवून दे, कुणाच्या कपाटाची मूठ कोरून दे, असं चालायचं. फुकटात काम करून नेणारेच जिन्यात म्हणायचे, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." जिन्यात बोललेलं गॅलरीत नीट ऐकू येतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

मुलाच्या ऑफिसातली माणसं रविवारी एअरसॉफ्ट खेळायला जायची. गावाबाहेरच्या एका पडक्या गोदामात दोन टोळ्या करायच्या आणि एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडायचे. बंदुका दिसायला अस्सल, आत नुसती स्प्रिंग. पोटं सुटलेली थोर माणसं तिथं भिंतीआड दबा धरून बसतात आणि सोमवारी पुन्हा एकमेकांच्या फायली अडवतात. मुलाचा साहेब या फौजेचा सेनापती होता. ज्याच्याकडे स्वतःची बंदूक नाही त्याला साहेब पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवायचा. मुलगा बाटल्या सांभाळायचा आणि घरी येऊन जेवणावर राग काढायचा.

"मी करून देतो," एके दिवशी मास्तर म्हणाले.

मुलगा हसला. "बाबा, ते मशीनवर बनतं."

"पंपसुद्धा आता मशीनवरच बनतो. त्याआधी आकाशातून पडत होता का?"

मास्तरांच्या मनात काय होतं ते सरळच सांगतो. जन्मभर त्यांनी वस्तूचा ठसा केला होता, वस्तू कधी केली नव्हती. एकदा तरी पूर्ण झालेली, हातात धरायची चीज आपल्या हातची असावी, आणि ती पोरानं चारचौघांत वर धरून म्हणावं, "माझ्या बाबांनी केलीय." एवढंच. यात कुणाला गर्व दिसला तर दिसो बापडा.

मुलाकडून बंदुकीचा फोटो आणि मापं घेतली आणि मास्तर कामाला लागले. जुन्या पलंगाचा शिसवी पाय कापून दस्ता झाला. पाण्याच्या पाइपाचा तुकडा, मोडक्या टेबललॅम्पची पितळी नळी, सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर, असा सगळा संसार जमवला. छर्रे भरायची पेटी तेवढी मुलानं दुकानातून तयार आणली. हॅक्सॉनं कापायचं, कानशीनं घासायचं, हातानं फिरवायच्या ड्रिलनं भोक पाडायचं. वीज लागली ती फक्त डोक्यावरच्या दिव्याला.

आणि सगळं जुळवायच्या दिवशी ती तयार पेटी खाचेत घातली तर दातपडक्या म्हाताऱ्याच्या कवळीसारखी हलायला लागली. मास्तरांनी पुन्हा मापलं, माप बरोबर. तिसऱ्यांदा मापलं, तरी बरोबर. मग त्यांनी हातातल्या पट्टीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. ती ओतकामाची पट्टी होती. लोखंड थंड होताना आवळतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी या पट्टीवरचा प्रत्येक इंच नेहमीच्या इंचापेक्षा केसभर लांब असतो. हात सवयीनं तिच्याकडेच गेला होता. अख्खी बंदूक जराशी मोठी झाली होती.

बायको दारात उभी राहून पोट धरून हसली. "अहो, लाकूड कशाला आवळेल? तुमच्यासारखं कारखान्यातून काढलंय का त्याला?"

मास्तरही हसले, पण रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी खाचेत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी चिकटवून पेटी घट्ट बसवली. बाकी राहू दिलं. खरं तर त्या केसभर मोठेपणानं बंदुकीला एक रुबाब आला होता. मग काळं पॉलिश दिलं, आणि वाळू चिकटू नये म्हणून पॅटर्नला चोळायची ती ग्रॅफाइटची पूड डब्यातून काढून सुती फडक्यानं चोळत बसले. चोळता चोळता लाकडावर लोखंडाची झाक आली. बायकोनं बोट लावलं आणि म्हणाली, "गार लागतंय हो." एवढं कौतुक तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असावं. खेळाच्या नियमाप्रमाणे नळीच्या तोंडाला नारिंगी रंग हवा, म्हणून मास्तरांनी लाकडाची नारिंगी टोपी करून दाबून बसवली आणि मुलाला बजावलं, "ही काढायची नाही."

रविवारी मुलगा बंदूक घेऊन गेला. मास्तर दिवसभर गॅलरीतून रस्त्याकडे बघत होते. संध्याकाळी तो आल्यावर बूट काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय म्हणाले रे?"

"आवडली. साहेबांनी हातातून सोडलीच नाही."

"कुणी केली म्हणून विचारलं असेल."

"बाबा, भूक लागलीय. नंतर बोलू ना."

ते नंतर काही आलं नाही. पण साहेबांनी हातातून सोडली नाही, एवढ्यावर मास्तरांचं पोट भरलं. बाटल्या सांभाळणारा मुलगा आता साहेबाच्या शेजारी उभा राहून लढायला लागला, साहेबाच्या गाडीतून जायला-यायला लागला. जिन्यातल्या लोकांना मास्तर मुद्दाम थांबवून सांगायचे.

असेच काही रविवार गेले आणि एका दुपारी मुलाचा फोन आला. आवाज रडवेला. खेळून परतताना गाडी पेट्रोलपंपावर थांबली होती. साहेबाला फोटो काढायची हुक्की आली. नारिंगी टोपी फोटोत वाईट दिसते म्हणून ती उपटून काढली, आणि गाडीच्या खिडकीतून बंदूक बाहेर रोखून स्वारी ऐटीत बसली. पलीकडच्या गाडीत एक बाई लेकराला घेऊन बसली होती. ती किंचाळली. पुढचं सांगायला नको. दोघंही पोलीस चौकीत होते.

"बाबा, लगेच या. ती तुम्हीच बनवलीय हे तुम्ही येऊन सांगा."

लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खोटं कशाला बोला? अंगात शर्ट चढवून, खिशात पेचकस टाकून जिना उतरताना मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. त्या वाक्याची ते किती दिवस वाट बघत होते.

चौकीत टेबलावर बंदूक ठेवलेली होती. एका बाकावर मुलगा, दुसऱ्या बाकावर साहेब. मास्तर दिसताच साहेब मुलावर उखडला. "ही यांनी घरी बनवलीय? तू तर म्हणालास, तुझ्या मावसभावानं परदेशातून पाठवली."

मास्तरांच्या साऱ्या गोतावळ्यात परदेशात कुणी वाट चुकूनही गेलेलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं फरशीकडे.

मावसभावाची गोष्ट साहेबानं फौजदाराला आधीच सांगून टाकली होती. त्यामुळे पहिला सवाल होता, परदेशी बंदुकीचे कागद कुठं आहेत. आता ती घरी बनवलेली निघाली, तर घरात बंदुका बनवता काय, हा दुसरा सवाल. आगीतून फुफाट्यात. पोलिसांच्या दप्तरी नाव लागलं तर मुलाची नोकरी जाणार, हे साहेबानं तिथंच ऐकवलं होतं. स्वतःचं नाव लागलं तर काय, ते तो मनातच ठेवून होता.

"हे तुम्ही बनवलंत?" फौजदारानं विचारलं.

"हो, मी बनवली."

मास्तरांनी पेचकस काढला. बंदूक उघडली, स्प्रिंग काढून ठेवली, पाइप, चामड्याचं वायसर, नमद्याची पट्टी, सगळं टेबलावर मांडलं. नखानं ग्रॅफाइट खरवडून खालचं शिसव दाखवलं. फौजदारानं तुकडा उचलून बघितला, दोन हवालदार वाकून बघायला आले.

"खेळणं आहे, कळलं," फौजदार म्हणाला. "पण खेळणं इतकं खरं कशाला करायचं? साधा माणूस रंग फासून मोकळा होईल. तुम्ही एवढं जीव ओतून केलंय, म्हणजे डोक्यात काहीतरी असणारच ना?"

काम करायचं तर असंच करायचं असतं, एवढंच उत्तर मास्तरांपाशी होतं. ते तोंड उघडणार तोच मुलगा फौजदाराला म्हणाला.

"साहेब, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. कारखाना सुटल्यापासून असंच काहीबाही करत बसतात. मी नको म्हणत होतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी नेत होतो."

फौजदारानं मास्तरांकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुलाच्या कपाळावर घाम आला होता, आणि लहानपणी ताप चढल्यावर दिसायचा तसा तो दिसत होता. मास्तरांना राग आला, फार आला, आणि त्या रागाला जायला जागाच नव्हती.

"हो साहेब," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर नसतं माझं."

फौजदार नरमला. वेड्याशी काय वैर धरायचं? नोंद करत नाही, पण ही वस्तू इथंच मोडून टाका, म्हणाला. मास्तरांनी ती पुन्हा जुळवली होती, हाताच्या सवयीनं. हवालदारानं ती जमिनीवर ठेवून वर पाय दिला. काही झालं नाही. बुटाची टाच मारली, दोन्ही पायांनी उडी मारली. सांधा तसूभर हलला नाही. दुसरा हवालदार हसायला लागला आणि पहिल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो हातोडा शोधायला निघाला.

"असं नाही मोडणार," मास्तर म्हणाले. खाली बसून त्यांनी बंदूक उलटी केली, दस्त्याच्या मानेवर अंगठा ठेवला. "इथं लाकडाची रेघ आडवी आलीय. पलंगाच्या पायात वळण होतं, दुसरा इलाज नव्हता. इथं पाय द्या."

हवालदारानं पाय दिला. काडकन आवाज झाला.

बाहेर आल्यावर साहेबाच्या अंगात जीव आला. मुलाच्या खांद्यावर हात टाकून तो हळू आवाजात म्हणाला, "वडिलांना असं मोकळं सोडू नकोस. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत." मुलानं फोनमध्ये नंबर घेतला. मास्तर पाठीमागे दोन पावलांवर होते.

त्यांना वाटलं, विषय तिथंच संपेल. पण साहेब ऑफिसात रोज विचारायला लागला, नेलंस का वडिलांना? एकदा बोललेलं खोटं पोसावंच लागतं. बायको मुलाला वाट्टेल तसं बोलली, दोन दिवस त्याच्याशी तिनं अबोला धरला. शेवटी मास्तरच म्हणाले, "जाऊ दे, जाऊन येतो. त्याच्या शब्दाला आता दुसरा आधार काय आहे?"

इस्त्रीचा शर्ट घालून ते डॉक्टरसमोर बसले. मुलगा शेजारच्या खुर्चीत होता. गॅलरीतला शेगडा त्यानं आदल्याच दिवशी सोडवून भंगारात दिला होता, डॉक्टरांनी विचारलं तर आता सगळं बंद केलंय असं सांगता यावं म्हणून.

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी मुलाकडे बघितलं.

"सांगा ना, बाबा," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी आपले दोन्ही तळवे डॉक्टरांपुढे धरले. मग म्हणाले, "हातांना सारखं काम लागतं."

डॉक्टरांनी मान हलवून ते लिहून घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ एक एक गोळी दिली.