पप्पा माझ्या बाकावर बसायचे

सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढच्या वर्षी आम्ही चौघं दहा महिन्यांसाठी आयर्लंडला गेलो. मी सहावीत होते, धाकटी बहीण पाच वर्षांची. पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होते. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या नव्या मशिनी आयर्लंडच्या एका कारखान्यातून सुट्या भागांत येणार होत्या आणि त्या जोडायचं शिकायला इथून एक माणूस तिकडे जायचा होता. ऑफिसात इंग्रजी बोलणारे पुष्कळ होते. पण साहेब म्हणाले, "बोलायला काय, शिकेल तो. हात कुठून आणणार?" म्हणून पप्पांचं नाव लागलं.

तिकडच्या कारखान्यात पोलंडहून, ब्राझीलहून आलेले कामगार खूप होते. त्यांच्यासाठी गावातल्या एका जुन्या शाळेत दर शनिवारी दिवसभर इंग्रजीचा वर्ग भरायचा आणि त्यात सबंध कुटुंबानं यायचं, अशी पद्धत होती. घरातलं एकच माणूस शिकलं तर बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात, असं त्या लोकांचं म्हणणं. आमचीही नावं घातली गेली.

ते दिवस आता आठवायला घेतले की ओल्या काचेतून पाहिल्यासारखे दिसतात. अंबरनाथच्या आमच्या चाळीत संध्याकाळची हवा औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखी यायची. तिकडे उतरल्यावर हवेला कसलाच वास येईना, तर मला वाटलं आपलं नाक चोंदलंय. उल्हासनगरच्या बाजारात कोट घेताना सिंधी दुकानदार म्हणाला होता, "बेटा, ये पहन के तू बरफ में भी सो जाएगी." बर्फ काही पडला नाही. नुसतं धुकं असायचं, आणि दुपारी चारलाच दिवे लागायचे. रस्त्याने आम्ही चौघं एकसारख्या चॉकलेटी कोटात चालायचो. माणसं हसून काहीतरी म्हणायची आणि ते आमच्या कानांवरून वाऱ्यासारखं निघून जायचं.

पहिल्या शनिवारी परीक्षा घेतली. आई नववीपर्यंत शिकलेली, घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. तिला अक्षरं येत होती, पण लाजून तिनं कागद कोराच दिला. त्यामुळे ती माझ्या बहिणीबरोबर अक्षरांच्या खोलीत गेली, आणि मी नि पप्पा दुसऱ्या खोलीत एका बाकावर आलो.

बाक मुलांच्या मापाचा होता. पप्पांचे गुडघे खाली मावायचे नाहीत, म्हणून ते तिरके बसायचे. त्यांच्या नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ कायमची होती. वही उघडली की ते हात लपवायचे. बाईंनी प्रश्न विचारला की मान खाली घालून माझ्याकडे सरकायचे आणि हळूच विचारायचे, "अगं, डू की डज?"

"डज."

"का पण?"

"ते असंच असतं पप्पा."

सुरुवातीला मला मजा वाटली. मग एकदा बाईंनी त्यांना वाचायला उभं केलं तेव्हा त्यांनी बोट ठेवून एकच ओळ दोनदा वाचली. कंपनीत ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे ते माझे वडील घाबरले होते. त्यानंतर मी उत्तरं मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहायला लागले, त्यांना मान फार वळवावी लागू नये म्हणून. त्यांनी ते ओळखलं असावं. 

आईचं वेगळंच चाललं होतं. ती आणि बहीण एकमेकींचे रंगीत खडू पळवायच्या, घरी येताना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या आणि चुकल्या की दोघी हसत सुटायच्या. आईला मी तेवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. जेवताना अर्धा तास इंग्रजीतच बोलायचं असं तिनं ठरवलं. त्यामुळे पहिला महिनाभर आमची जेवणं जवळजवळ मुक्यानंच झाली. "गिव्ह डाळ," पप्पा म्हणायचे. "प्लीज म्हणा," बहीण सांगायची.

गाव खाडीच्या काठावर होतं. रस्त्याला लागूनच पाणी, आणि पाण्यात राजहंस. बहिणीला त्यांचं वेड लागलं होतं. पण पाण्याच्या बाजूनं जाताना पप्पा तिचं मनगट असं पकडायचे की त्यावर बोटं उमटायची.

"अहो, दुखतंय तिला," आई म्हणायची.

"असू दे."

तिला उचलूनही घ्यायचे नाहीत, सोडायचेही नाहीत. पाणी संपून दुकानं लागली की मगच हात सुटायचा. वडील तापट नव्हते, म्हणून हे आम्हाला कळायचं नाही. आईनं एकदोनदा विचारलं आणि सोडून दिलं.

हळूहळू दिवस लांबायला लागले. मे महिन्यात तर संध्याकाळ संपायचंच विसरायची. जेवण होऊन भांडी घासली तरी खिडकीत पिवळसर उजेड तसाच. अशाच दिवसांत बाईंनी एक धडा घेतला. पांढऱ्या बॉबकटच्या, स्वेटरच्या बाह्या वर सरकवून बोलणाऱ्या आमच्या बाई. पूर्वी आपण जे नेहमी करायचो आणि आता करत नाही, ते इंग्रजीत कसं सांगायचं, असा तो धडा होता. 'युज्ड टू.' प्रत्येकानं लहानपणाची पाच वाक्यं लिहून वाचायची. मी चाळीतल्या लंगडीबद्दल लिहिलं. माझ्यानंतर पप्पा उठले. या वेळी त्यांनी माझ्या वहीत पाहिलं नव्हतं.

"माय मदर युज्ड टू मेक ब्रिक्स," त्यांनी वाचलं.

हे मला माहीत होतं. आजी-आजोबा देशावरून बदलापूरच्या वीटभट्टीवर आले आणि इथेच राहिले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आय हॅड वन सिस्टर. शी वॉज फोर. आय युज्ड टू कॅरी हर."

मी मान वर केली. पप्पांना बहीण नव्हती. निदान मी तरी तसं समजत होते. ते एकएक शब्द, पान्यानं नट फिरवावा तसा जपून पुढे नेत होते. भट्टी नदीच्या काठी होती. एक दिवस विटांचा ट्रक बंद पडला. ड्रायव्हरनं इंजिन उघडलं. मी इंजिन बघायला गेलो. मी सात वर्षांचा होतो.

"दॅट डे आय डिड नॉट कॅरी हर."

इतकंच. पाच वाक्यांची दहा झाली होती, पण बाईंनी थांबवलं नाही. पलीकडची पोलंडची एक आजी डोळे मिटून बसली होती. पप्पा खाली बसले आणि त्यांनी वही बंद केली.

घरी जाताना आई आणि बहीण पुढे चालत होत्या. मी पप्पांना विचारलं, "खरं आहे का ते?"

"हो."

"मग कधी सांगितलं कसं नाही?"

ते म्हणाले, "मराठीत सांगायला गेलो की गळ्यातच राहतं. इंग्रजीत माझ्याकडं शब्दच थोडे आहेत. तेवढेच बोलायचे, मग बसायचं." मग म्हणाले, "आईला आत्ता नको सांगू."

मी नाही सांगितलं. दोन-तीन आठवडे ते माझ्यापाशी राहिलं. बहिणीचे केस विंचरतानासुद्धा मला ते चार वर्षांचं कुणीतरी आठवायचं, ज्याचा चेहरा मला माहीत नव्हता. राजहंसांजवळून जाताना पप्पा तिचा हात धरायचे आणि मी तिचा दुसरा धरायचे.

जूनमध्ये दोन्ही खोल्यांचा एकत्र कार्यक्रम होता. प्रत्येकानं वर्षातलं आपलं सगळ्यात चांगलं लिखाण वाचायचं. आईनं शेजारणीला लिहिलेलं पत्र वाचलं आणि टाळ्या घेऊन आली. पप्पा उठले तेव्हा मला वाटलं, ते मशीनबद्दल लिहिलेलं वाचतील. तो कागद त्यांच्या हातात होताही. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि ती वाक्यं पाठ म्हटली.

मी आईकडे बघत होते. चार महिन्यांपूर्वी तिला त्यातलं काही कळलं नसतं. आता एकेक वाक्य तिच्यापर्यंत पोचताना मला दिसत होतं. पप्पा थांबले. बाईंच्या वर्गाचा नियम होता की वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी एकानं प्रश्न विचारायचा.  मग आईनं, शिकवलं होतं तसा, हात वर केला.

"व्हॉट वॉज हर नेम?"

पप्पांनी नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. आईनंही. ती म्हणाली, "थँक यू," आणि खाली बसली. मग तिनं बहिणीला मांडीवर ओढून घेतलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडलं नाही.

आम्ही नोव्हेंबरात परत आलो. पहिल्याच रविवारी बदलापूरला आजीकडे गेलो. नदीपासून लांब, टेकाडावर तिची एक खोली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टोव्ह. चहा झाल्यावर आईनं सरळ त्या मुलीचं नाव घेऊन विचारलं. पप्पा दारात उभे होते, ते तिथेच राहिले.

आजीनं बशी खाली ठेवली. "कुनी सांगितलं तुला?"

"यांनीच."

आजी पप्पांकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "तू बोललास व्हय रं?"

पप्पा उंबऱ्यावर बसले. "मी इंजिन बघायला गेलो, आई. तिला टाकून गेलो."

"तू कुटं गेलास? म्या धाडलं तुला." आजी थांबत थांबत बोलली. "ट्रक तापला हुता. डायवर पानी मागत हुता. म्या तुझ्या हातात कळशी दिली. म्हनलं, देऊन ये जा. पोरगी माझ्यापाशी ठेवून तू गेलास. माझ्यापाशी हुती ती. माझे हात चिखलात हुते. मान वर केली तवर ती पान्यात गेलेली."

 कळशी पप्पांना आठवत नव्हती. मग ते म्हणाले, "पितळी?"

"पितळीच. खालून ठोका बसलेली."

"तू बोलली का नाहीस कधी?"

"मला वाटलं तुला समदं ठावं हाय. म्हनून तू माझ्याशी बोलत न्हाईस. मानूस आपल्या आईला काय म्हननार?"

तीस वर्षं शेजारशेजारच्या गावांत राहून, दर सणाला एकत्र जेवून, दोघंही हेच समजत आले होते की चूक आपली आणि दुसऱ्याला ती माहीत आहे. मला तेव्हा एवढं नीट कळलं नाही. मला आठवतो तो खोलीतला दुपारचा मंद उजेड, स्टोव्हवर दुसऱ्यांदा ठेवलेला चहा, आणि पप्पांनी आजीच्या हातांवर ठेवलेला हात. भट्टी सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण तिच्या तळव्यांच्या रेषांत माती तशीच वाटायची.

आईनं मग, गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात, त्या पुण्यानुमोदनाचं काढलं. इतक्या वर्षांनी कशाला, असं कुणीच म्हटलं नाही. आजीच्या खोलीतच, घरच्या घरी, तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं. आत्याचा फोटो नव्हता. आजीनं तिच्याबद्दल सांगितलं: भाकरीचा पापुद्राच तेवढा खायची, कुत्र्यांना भ्यायची नाही, ओल्या विटांवर बोटं उठवायची म्हणून मुकादम ओरडायचा.

दोन वर्षांनी आम्ही बदलापुरातच खरवईला फ्लॅट घेतला आणि आजी आमच्याकडे राहायला आली. इंग्रजी हळूहळू मागे पडलं. आईचं टिकलं, ती शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. पप्पांचं मात्र मशीन आणि पाहुणे, एवढ्यापुरतंच उरलं. पण घरात एक माणूस वाढलं होतं. भाजी निवडताना आजी सहज म्हणायची, ती असती तर आता पस्तिशीची असती, एव्हाना सुना बघत बसली असती. पप्पा म्हणायचे, पस्तिशीला सुना कुठल्या, तुझा हिशोब चुकतोय. आणि दोघांची त्यावर वादावादी चालायची.

एकदा बहिणीनं आजीला विचारलं, "आत्या माझ्यासारखी दिसायची का गं?"

आम्ही सगळे आजीकडे पाहायला लागलो.

"छ्या," आजी म्हणाली. "तिचं नाक चपटं हुतं. तुझ्यापरीस काळी, आन लई भांडखोर."

बहीण थोडी हिरमुसली. पप्पा शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "नाक चपटं नव्हतं, आई."

"हुतं," आजी म्हणाली, आणि भाजीची पुढची जुडी हातात घेतली.