सुकरती उईकेची खोली

साल १९५२, वैशाखातला गुरुवार, सकाळ. हजर: समितीचे अध्यक्ष, ओव्हरसियर देवतळे, चिटणीस म्हणून मी, नागपूरहून हार घालून घ्यायला आलेले एक पाहुणे, आणि नाल्याकाठच्या झोपड्यांमधली बारा कुटुंबं, आपापल्या सामानासकट. गैरहजर: समितीचे बाकी सगळे सभासद. लग्नसराई होती.

ही हजेरी मला पाठ आहे. सात वर्षं झाली. त्या दिवशी मी काय केलं, ते मात्र कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेही नाही, कारण तिथेही मी नीटनेटकीच उभी राहते. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका.

आधी एवढं ऐका की मी कामाची बाई आहे. शाळेचं संमेलन असो, कोणाकडचं लग्न असो, कॉलऱ्याची लस टोचायची असो — ‘बाईंना सांगा, म्हणजे झालं समजा’, असं आमच्याकडे म्हणतात. हे वाक्य ऐकलं की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या दिवसाची व्यवस्थाही चोख होती. अगदी चोख. तिथेच तर सगळं आहे.

समितीने पिपरी मेघेच्या वाटेवर पक्क्या खोल्यांची एक लाइन बांधली होती. विटांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे पडवी. नाल्याकाठी टिन-तट्ट्यांच्या झोपड्यांत राहणाऱ्या लोकांसाठी — दर पावसाळ्यात ज्यांची चूल वाहून जायची त्यांच्यासाठी. कुटुंबं मी निवडली होती. घरोघर — घर कसलं, भोकाभोकांतून — वाकून आत जाऊन. आणि एक नियमही मीच केला होता: झोपडी मोडल्याशिवाय किल्ली नाही. कारण लोक खोली घेतात आणि झोपडी दुसऱ्याला भाड्याने देतात, असं मी ऐकलं होतं. नियम सगळ्यांना पटला. मलाही फार पटला. आपण केलेला नियम आपल्याला किती लवकर पटतो, नाही?

त्या बारांत एक कुटुंब उईकेंचं. आष्टीच्या पलीकडच्या जंगलातून कापसाच्या जिनात कामाला आलेली गोंड माणसं. मंगरू, त्याची बायको सुकरती, दोन लहान मुली, आणि खाटेला खिळलेली म्हातारी सासू. आपसात गोंडी बोलत, आमच्याशी इकडची बोली. मंगरू फारसा बोलतच नसे. बोलायची सुकरती. झोपडीचं टिन काढताना मला म्हणाली, “हे एक टिन संगं घेऊन येऊ का जी? तुमच्या पक्क्या खोलीत चांदन्या नाई दिसनार. याले लई भोकं हायेत.”

म्हातारीला खाटेसकट चौघांनी उचललं. ती गोंडीत काहीतरी पुटपुटली आणि सुकरती हसत सुटली. “बुढी इचारून राह्यली, माह्यं लगीन लावून राह्यले का हे?” सगळे हसले. मीही हसले.

मग वरात निघाली. माझ्या यादीप्रमाणे, क्रमाने. खोल्यांसमोर पाहुण्यांना हार घातला, त्यांनी दोन शब्द सांगितले, मी एकेक नाव वाचलं, देवतळ्यांनी एकेक किल्ली दिली. शेवटचं नाव वाचून झालं. सुकरती पडवीखाली उभी. तिचं नाव मी वाचलं नव्हतं.

बारावी खोली रिकामी नव्हती. तिच्या दाराला फुलांचा पडदा लागला होता. अध्यक्षांच्या जिनातला मुकादम आदल्या संध्याकाळीच बायकोमुलांसकट तिथे राहायला आला होता.

ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. “बाई, माही चाबी?”

मी म्हणाले, “तुमचं नाव दुसऱ्या लाइनीत आहे. ती बांधली की मिळेल.”

दुसरी लाइन कुठे होती? नकाशात नव्हती, बोलण्यात नव्हती, कोणाच्या मनातही नव्हती. माझ्या तोंडातून निघाली तेवढीच. सुकरतीने मागे वळून पाहिलं — नाल्याकडे, जिथे तिची झोपडी सकाळपर्यंत उभी होती. मग म्हणाली, “तुमी म्हनलं म्हून मोडली जी.” मी पाहुण्यांच्या गाडीकडे वळले.

आता तुम्हाला वाटेल, ऐन वेळी गोंधळ झाला असेल. बाई काय करणार? — नाही. हेच मला सांगायचं आहे, आणि हेच जिभेवर येत नाही. मला आदल्या दिवशी दुपारीच माहीत होतं. अध्यक्षांनी बोलावून सांगितलं होतं की एक खोली मुकादमाला लागेल. म्हणजे टिन निघताना मला माहीत होतं. खाट उचलली तेव्हा माहीत होतं. म्हातारीच्या थट्टेवर हसले तेव्हाही मला माहीत होतं. एक झोपडी उभी राहिली असती तर पाहुण्यांना नाल्याचा काठ मोकळा दिसला नसता, आणि नियमाला अपवाद झाला असता. म्हणून मी ती मोडू दिली. उभं राहून मोडून घेतली. दोऱ्या कापू नका, सोडा, पुन्हा कामाला येतील, असंही वर सांगितलं. केवढी माझी काटकसर!

अजून संपलं नाही.

अध्यक्षांनी उईकेंचं नाव घेतलं नव्हतं. त्यांना बारांपैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले, कोणाला वगळायचं ते तुम्ही बघा, तुम्हाला माणसं माहीत आहेत. मला माणसं खरोखर माहीत होती. कोणाचा मेहुणा निवडणुकीला उभा राहणार होता, कोणाची बायको चौकात उभी राहून सात पिढ्या काढील, कोण थेट नागपूरला अर्ज नेईल — सगळं माहीत होतं. आणि कोणाच्या मागे या गावात एकही माणूस नाही, तेही. मी जागच्या जागी सांगितलं, “उईके.” विचार करायला वेळसुद्धा लागला नाही. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुमच्यामुळे कामं सोपी होतात.

मला त्या माणसाचा संताप येतो. फुकटची खोली आपल्या नोकराला देऊन वर दानशूर म्हणून मिरवतो. देवतळ्यांचा येतो — सगळं दिसत असून ते किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत राहिले. पण हा संताप मी सात वर्षं आळीपाळीने वापरला आहे. माझ्याकडे वळायची वेळ आली की त्यांच्यावर काढायचा. त्यांनी खोली घेतली, हे खरं. माणूस कोणी निवडून दिलं? तुमच्या हातात काय होतं, असं म्हणू नका. सगळं होतं. मी त्या दिवशी यादी वाचायला नकार दिला असता, तर नावानिशी माणसं ओळखून ती वाचणारं दुसरं कोणी हजर नव्हतं.

उईके कुटुंब खोल्यांसमोरच्या निंबाखाली बसलं. म्हातारीची खाट, टिनं, मुली. खोल्यांतल्या बायकांनी त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली. मी तिकडे गेले नाही. दारापुढे घाण होते म्हणून मुकादमाने तक्रार केली, आणि एका सकाळी समितीच्या चौकीदाराने त्यांना उठवलं. ते कुठे गेले, ते मी विचारलं नाही.

पुढच्या बैठकीला लग्नांहून परतलेले सभासद होते. एकाने विचारलं, ते गोंड कुटुंब होतं ना, त्याचं काय झालं? अध्यक्ष कागद चाळायला लागले. मी म्हणाले, “खोली दिली होती. राहिले नाहीत. त्या लोकांना चार भिंतींत करमत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी एक शब्द उलटून विचारला नाही. उलट खोलीत हायसं वाटल्यासारखं झालं, जणू ते सगळे हेच ऐकायला बसले होते. किती बरं वाटतं अशी वाक्यं ऐकायला! भोकाच्या टिनाखाली राहणारी माणसं आपल्या हौसेने तिथे राहतात — मग त्यांच्यासाठी बैठक लांबवून आपल्याला जेवायला उशीर कशाला?

ते वाक्य तेव्हापासून गावात फिरतं आहे. शाळेत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, वकिलांच्या बायकोने तर मलाच ऐकवलं, तिने स्वतः पाहिल्यासारखं. बाईंचा अनुभव आहे, म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी काही कामाने आष्टीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. झाडण्या विकायला बसलेली एक बाई माझ्याकडे बघत राहिली. सुकरती. मी ओळख दाखवायच्या आधी तिनेच विचारलं, “बरं हाये ना जी बाई?” मी म्हातारीची चौकशी केली — दुसरं काय विचारणार? ती म्हणाली, त्याच पावसाळ्यात गेली. सडकेच्या कामावर होतो, पालात. मग झाडण्या सारख्या करता करता म्हणाली, “दुसरी लाइन झाली का? झाली तं निरोप धाडजा.”

ती खरंच विचारत होती, की मला टोमणा मारत होती? टोमणा असता तर मी तो पदरात घेऊन घरी गेले असते. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हणाले, अजून नाही. एक झाडणी घेतली आणि निघाले.

आता दुसरी लाइन खरोखर बांधून होते आहे. कवेलू चढले आहेत. अध्यक्ष तेच आहेत, चिटणीस मीच. नाल्याकाठी राहणाऱ्या मडावी नावाच्या गोंड कुटुंबाचा अर्ज गेल्या बैठकीत निघाला आणि अध्यक्षांनी माझंच वाक्य वाचून दाखवावं तसं म्हटलं. समितीत नवे आलेले एक तरुण मास्तर आहेत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “खरंच का हो, बाई? राहत नाहीत?”

सरळ प्रश्न होता. सात वर्षांत मला तो पहिल्यांदा कोणी विचारला. मी म्हणाले, “अनुभव तसाच आहे.”

मडावींचा अर्ज बाजूला ठेवला गेला. त्यांच्या जागी दुसरं नाव सोमवारच्या बैठकीत ठरेल. त्याआधी मास्तरांना जाऊन सांगायचं आहे, की सुकरती उईकेला खोली कधी दिलीच नव्हती. ते आमच्याच गल्लीत राहतात. आज शनिवार. अजून गेलेले नाही.