गुरुवारची सुट्टी

सोजरबाईला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाव हजेरीपटावरून ठाऊक, आणि चेहरा रुईच्या धुळीतून दिसायचा तेवढाच. मला लिहायची सवय नाही. काही चुकलं तर ते माझंच.

साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं असावं. कारंज्याकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी मांडायचो. छपरातून उन्हाचे कवडसे उतरायचे आणि त्यांत रुईचे तंतू तरंगत राहायचे, खाली न येता. बाया ओळीने बसून यंत्रांत कापूस घालायच्या. त्या एकसुरी घरघरीत मला वाटायचं, हे सगळं पाण्याखाली चाललं आहे. सोजरबाई दाराजवळच्या यंत्रावर असे. तिथून बाजाराचा रस्ता दिसायचा.

बाजार गुरुवारचा. तिची एकुलती लेक पंचफुला धनज गावात दिलेली. सासरच्या मळ्यातली भाजी घेऊन ती दर गुरुवारी त्या रस्त्याने जायची. हंगामात मायलेकींची भेट म्हणजे दारातून हात हलवणं, एवढीच.

आठवड्याच्या सुट्टीचा कायदा आमच्या जिनात उशिरा पोचला. एक साहेब तपासून गेले, दारावर कायद्याचा कागद लागला आणि मॅनेजर हिरालालजींनी रविवार जाहीर केला. बाया खूश झाल्या. सोजरबाई तेवढी माझ्याकडे आली.

“इतवारी घरी बसून म्या काय भिंती पाहू?” ती मला म्हणाली. “बाबू, तुमाले वाचता येते. इतवारच लिवला हाय काय त्याच्यात?”

मी वाचलं होतं. रविवारऐवजी मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांतला कोणताही दिवस चालणार होता. पण मला नोकरीची भीती. “पाहतो,” म्हणालो, आणि चार आठवडे पाहिलंच नाही.

तोवर सोजरबाईने बाकीच्यांनाही बाजाराच्या दिवसाची सुट्टी पटवली होती; पाचव्या गुरुवारी बाया फाटकाशी बसून राहिल्या. भोंगा वाजला, कुणी उठलं नाही.

“बाजाराच्या दिवशीच कापसाच्या गाड्या येतात,” हिरालालजी ओरडले. “सुट्टी कशी देऊ?”

“गाड्या गडी खाली करतेत, मालक,” सोजरबाई म्हणाली. “आज उतरला तो कापूस आमी उद्या काढू. इतवारी बी येऊ.”

“कायदा रविवारच म्हणतो!”

“मंग बाबूले वाचू द्या.”

सगळे माझ्याकडे वळले. म्हातारी भुरीबाई हसली, “वाचा ना बाबू, काहून घामेजून राह्यले? पोरगी पाहाले आले काय?”

मी वाचलं. तीन दिवसांचं वाक्य दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा माझा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. हिरालालजींनी कागद घेऊन स्वतः पाहिला. मग ते गाड्यांकडे वळले.

“इतवारी एकही यंत्र रिकामं दिसता कामा नये,” एवढंच म्हणाले.

हंगामाच्या शेवटच्या गुरुवारी मी बाजारात गेलो. सोजरबाई लेकीला खेटून पोत्यावर बसली होती. केसांत रुई नव्हती, म्हणून आधी ओळखलीच नाही. पुढच्या हंगामात ती जिनावर आली नाही. का, ते मी कुणाला विचारलं नाही.

“बाबू, मेथी न्या. कवळी हाय,” त्या गुरुवारी सोजरबाई मला म्हणाली.

“पिशवी नाही आणली.”

“मंग उपरण्यात बांधा.”